निनावी अंजीर

'कलम' हा शब्द मराठीत तीन निरनिराळ्या ठिकाणी भेटतो. लेखणी ही कलम, कायद्याचा क्रमांकित भाग हे कलम, आणि झाडाची फांदी छाटून वा बांधून केलेले नवे झाड हेही कलमच. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी बोरू आहे. बोरूचे टोक आणि लावायची फांदी दोन्ही धारदार पात्याने तिरकी छाटतात, तेव्हा अर्थाची ही वाट फारशी अवघड नसावी. टोरांटोच्या थंडीत अंजिराचे रोप शोधायला निघालो, तेव्हा हे तिन्ही अर्थ माझ्यापुढे उभे राहिले. आणि कायद्याचा सर्वांत आधी.

माझे आजोळ पुरंदर तालुक्यातले. पावसाळ्यातला खट्टा बहार आणि उन्हाळ्यातला मीठा बहार हे शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकलो. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून सासवडचे अंजीर म्हटले की पुण्यात वेगळी ओळख द्यावी लागत नसे. आजोळच्या बागेतली वीतभर काडी ओल्या कापडात गुंडाळून सामानात टाकावी असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु परदेशातून लावायची काडी कॅनडात आणायची, तर आयात परवाना लागतो आणि मूळ देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्रही लागते. हा नियम निव्वळ कागदी नाही. अंजिराच्या पानांवर पिवळट चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू छाटकलमांतूनच झाडाकडून झाडाकडे जातो. डोळ्यांना न दिसणारी कोळी-कीड त्याला आणखी पसरवते. मी काडी आणली नाही. "एवढीशी काडी, कोण बघतंय रे?" असे म्हणून मामेभाऊ हसला.

मग बी पेरावे, असे कुणी म्हणेल. येथे अंजिराचा स्वभाव आड येतो. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वास्तविक ते फूल दुर्मिळ नसतेच, ते फळाच्या आत शेकड्यांनी दडलेले असते. अंजीर हे उंबराचे भाऊबंद. तुर्कस्तानातून येणाऱ्या सुक्या अंजिरातले बी रुजते, कारण गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक त्या फळात शिरून परागकण पोचवून गेलेला असतो. पण त्या बियांची साधारण निम्मी झाडे खाण्याजोगे फळ न देणारी निघतात, आणि उरलेल्यांतल्या पुष्कळांना फळ धरण्यासाठी तोच कीटक लागतो. कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीची झाडे वाढली तरी फळे कच्चीच गळून पडत. १८९९ साली फ्रेस्नोजवळ तो कीटक वसवला गेला, तेव्हा कुठे ती पिकू लागली. टोरांटोच्या हिवाळ्यात त्याचा निभाव लागणे शक्य नाही.

याउलट पुरंदरचे अंजीर, किंवा भूमध्य सागराच्या काठच्या परसांतली कितीतरी अंजिरे, परागाविना पिकतात. त्यांतले बी पोकळ असते. असे झाड फळ देते, वारस देत नाही. माणसाने हाताने फांदी तोडून दुसरीकडे खोचली तरच ते पुढे जाते. यार्देन नदीच्या खोऱ्यात गिलगाल येथे सापडलेली सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची नऊ जळकी अंजिरे अशाच बिनपरागी जातीची असावीत, म्हणून धान्याच्याही आधी माणसाने अंजीर लावले असावे, असे मत २००६ साली मांडले गेले. त्यावर आक्षेपही आले. मला त्यातला काळाचा वाद तितका महत्त्वाचा वाटत नाही. हाताशिवाय ज्याचे चालत नाही असे झाड, एवढीच गोष्ट मला धरून बसली.

दुकानांतून मे महिन्यात कुंडीतली रोपे मिळतात. त्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र वाचण्यासारख्या असतात. 'काळे इटालियन', 'पांढरे इटालियन' – म्हणजे नावच नाही. 'ब्राउन टर्की' लिहिलेले असले तरी कॅलिफोर्नियातले त्या नावाचे झाड आणि इंग्लंडमधले त्या नावाचे झाड ही दोन वेगळी झाडे आहेत. आयरा काँडिट या अभ्यासकाने १९५५ साली अंजिराच्या जातींचा बृहद्ग्रंथ केला, त्यात एकेका जातीची पर्यायी नावे वाचताना आपण एखाद्या संहितेचे पाठभेद वाचत आहोत असे वाटते. फरक इतकाच, की नकलनवीस ओळ गाळतो, शब्द बदलतो. येथे संहिता बहुधा शुद्ध राहते आणि गहाळ होते ते शीर्षक. (विषाणूही तितक्याच इमानाने नकलला जातो, हे वेगळे.)

खरे रोप मिळाले ते सेंट क्लेअर रस्त्यालगतच्या एका परसात. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून हजारो कुटुंबे टोरांटोत आली, आणि त्यांच्यापाठोपाठ अंजीरही आले. पानगळ होऊन सुस्तावलेले झाड उणे दहा अंशांपर्यंत कसेबसे तग धरते. येथे काही रात्री पारा उणे वीसखाली जातो. म्हणून ही माणसे झाड पुरतात. नोव्हेंबरात फांद्या छाटून उरलेल्या दोरीने आवळतात, एका बाजूची मुळे कुदळीने तोडतात, झाड हळूहळू दुसऱ्या बाजूला कलते करून चरात निजवतात, वर फळ्या, पाचोळा आणि माती घालतात. एप्रिलमध्ये ते पुन्हा उभे करतात.

त्या परसाचे मालक कॅलाब्रियाचे, नव्वदीला टेकलेले आजोबा. झाड त्यांनी साठच्या दशकात गावाहून आणलेल्या काडीचे. परवान्याविषयी मी विचारले नाही. यंदा कुदळ त्यांच्याने उचलवत नव्हती. त्यांच्या मुलीने ओळखीतून निरोप पाठवला, आणि आम्ही तिघे खणायला गेलो. आजोबा खुर्चीवर बसून इटालियनमध्ये सूचना देत होते. मुलगी त्या इंग्रजीत सांगे, पण हातवाऱ्यांवरूनच बहुतेक कळत होते. एक मूळ मी तोडणार तोच ते काठी आपटून ओरडले. ते राखायचे होते.

काम झाल्यावर त्यांनी छाटलेल्या फांद्यांतून पेन्सिलीच्या जाडीच्या सहा काड्या स्वतः निवडल्या. मी जातीचे नाव विचारले. "फिको," ते म्हणाले. म्हणजे अंजीर. मुलीने पुन्हा विचारले, तर गावाचे नाव सांगितले आणि हात हलवून विषय संपवला. त्यांच्या दृष्टीने गावात एकच अंजीर होते, त्याला नाव कशाला? मला मात्र ती काडी हातात घेताना थोडे ओशाळल्यासारखे झाले. हे वाण त्यांच्या मुलाकडे जायला हवे होते. तो उंच इमारतीत राहतो, त्याला जमीन नाही. घर विकायला काढलेले आहे. मी ना त्यांच्या गावचा, ना भाषेचा. पण खणायला आलो होतो, आणि आजोबांना तेवढे नाते पुरेसे वाटले असावे.

काड्या ओलसर कागदात गुंडाळून फेब्रुवारीपर्यंत फ्रिजमध्ये राहिल्या. मग ओल्या शेवाळात, उबेत. अंजिराची काडी फसवी असते: मुळांआधीच डोळे फुटतात, दोन हिरवी पाने येतात, आणि ती काडीतल्याच साठ्यावर जगत असतात. तेव्हा आनंदाने पाणी घालणारा काडी कुजवतो. महिन्याभरात सालीवर पांढरे पुटकुळे दिसले, त्यांतून मुळे निघाली. सहांपैकी दोन काड्यांना बुरशी लागली, चार जगल्या.

त्यांना पुरंदरची चव येणार नाही. ती यावी अशी अपेक्षाही आता उरलेली नाही. काळ्या सालीचे आणि लाल गराचे ते फळ कसे लागते याची मात्र उत्सुकता आहे. कुंड्यांवर काय लिहावे हा प्रश्न होता. मी गावाचे नाव लिहिले, देवनागरीत.

एप्रिलमध्ये झाड उभे करायला आम्ही पुन्हा गेलो. आजोबा खिडकीतून पाहत होते. घराचा ताबा जूनअखेर जायचा आहे, आणि नव्या मालकांनी झाडाचे काही ठरवलेले नाही, असे मुलगी म्हणाली. चारांपैकी एक कुंडी मी तिच्या भावासाठी बाजूला ठेवली आहे. त्याच्या सज्ज्यात ऊन किती तास येते, ते अजून विचारायचे आहे.