हजेरीची खूण

मनाली मागे टाकून लेहच्या वाटेला लागले की चारशेंहून अधिक किलोमीटर केवळ डोंगरच सोबतीला असतात. २०२० साली रोहतांगखालून नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला आणि हिवाळाभर जगाला पारखे होणारे लाहौल बहुतेक बारमाही जोडले गेले. परंतु केलांगच्या पुढे, सोळा हजार फुटांवरच्या बारालाचा खिंडीत, हा रस्ता अद्याप हिमाच्याच मर्जीने उघडतो व मिटतो.

तेथे दरड उपसणारे मजूर भेटले. गाव पुसले, तर झारखंडातील दुमका! मला चार पावलांत धाप लागत होती आणि त्या उष्ण मुलखातले हे लोक फावडी चालवीत होते.

"बाबू, आपण काय करता?" एकाने विचारले.

"सरकारी कचेरीत लिहितो."

"म्हणजे हजेरी लिहिणारे!" तो आदराने उद्गारला.

हजेरीपटावरची खूण म्हणजे आम्हां कारकुनांना लेखणीचा एक फटकारा. तिच्यात एका माणसाचा दिवसभराचा श्वास असतो, हे मला त्या विरळ हवेत उमगले. रस्ता बांधून पुरा झाला, असे कागद म्हणतात. हिमालयात मात्र तो दर उन्हाळ्यात, रोज सकाळी, नव्याने बांधावा लागतो.