माझा छंद : राजधानीची पोस्टकार्डे

विद्यार्थी मित्रांनो, 'माझा छंद' हा निबंध तुम्ही एकदा तरी लिहिलाच असेल. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी शंखशिंपले. आज मी तुम्हांला माझ्या छंदाविषयी सांगणार आहे. मी आपल्या महाराष्ट्राच्या राजधानीची, म्हणजे मुंबईची, पिक्चर पोस्टकार्डे जमवते. राहते डोंबिवलीत, शिकवते ठाण्यात आणि जमवते मुंबई! पोस्टकार्डे जमवण्याच्या छंदाला 'डेल्टिओलॉजी' असे भारदस्त नाव आहे. पण नावाला घाबरू नका. छंद अगदी साधा आहे.

साधे पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ साली आले. तेव्हा त्याची किंमत होती पाव आणा. पुढे चित्रांची कार्डे निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घरोघर पोहोचली. मुंबईत 'क्लिफ्टन अँड कंपनी'सारखे छायाचित्रकार शहरातल्या इमारतींची कार्डे काढून विकत असत. त्या काळी कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता की चट्कन फोटो पाठवावा! मुंबई पाहायला आलेला माणूस एक कार्ड विकत घ्यायचा, मागे चार ओळी लिहायचा आणि पेटीत टाकायचा. घरच्यांना खुशालीही कळायची आणि मुंबईही दिसायची.

माझ्या संग्रहात सर्वांत जास्त कार्डे आहेत ती बोरीबंदरच्या स्टेशनची. आपण ठाणे, डोंबिवली, कल्याणची माणसे. आपले या जागेशी नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. आज आपण जी भव्य इमारत पाहतो ती मात्र नंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने तिचा आराखडा केला. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षांनी ते पुरे झाले. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे कार्ड मी एकदा बाबांना दाखवले. बाबांनी तीस वर्षे डोंबिवली ते फोर्ट अशी नोकरी केली. त्यांनी चष्मा वर केला, कार्ड जवळ धरले आणि म्हणाले, "अगं, घुमटावर बाई उभी आहे होय! हातात मशाल घेऊन! मला कधी दिसलीच नाही." मी म्हटले, "बाबा, तीस वर्षे?" तर म्हणतात, "सकाळी मस्टर गाठायचं, संध्याकाळी लोकल. मान वर कधी करणार?" खरे आहे ना? रोज जिथून जातो ते आपल्याला दिसतच नाही.

आता एक गंमत सांगते. कार्डावर तारीख नसेल तर ते कधीचे आहे, हे कसे ओळखायचे? माझ्याकडे अपोलो बंदराचे एक कार्ड आहे. त्यात ताजमहाल हॉटेल आहे, समुद्र आहे, घोडागाड्या आहेत. काय नाही? गेटवे ऑफ इंडिया! आता आठवा बरे. ताज सुरू झाले डिसेंबर १९०३ मध्ये. गेटवेचे उद्घाटन झाले डिसेंबर १९२४ मध्ये. म्हणजे फोटो या दोन सालांच्या मधला. काळा घोडा या चौकाचेही तसेच. तिथला घोड्यावरच्या राजाचा पुतळा १९६५ साली हलवला आणि पुढे तो राणीच्या बागेत गेला. तो पुतळा जागेवर दिसला, की फोटो १९६५ च्या आधीचा. चित्रात काय आहे याइतकेच काय नाही हेही पाहायचे. इतिहासाचा अभ्यास असाच करतात, बरं का!

पण मित्रांनो, पोस्टकार्डाला दोन बाजू असतात. पुढची बाजू शहराची, मागची माणसाची. माझ्या संग्रहातले सर्वांत मोलाचे कार्ड मी विकत घेतलेले नाही. ते आमच्या घरातलेच आहे. गणपतीला आम्ही राजापूरकडे गावी गेलो होतो. तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, ते सापडले. एका कडेला वाळवी लागली होती. चित्र होते फ्लोरा फाउंटनचे. अक्षर माझ्या आजोबांचे. शिक्का २५ नोव्हेंबर १९५५ चा.

ही तारीख नीट लक्षात ठेवा. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावरून तेव्हा वातावरण तापले होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच फ्लोरा फाउंटनच्या परिसरात लोकांचा मोर्चा जमला आणि पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात पुढे शंभरहून अधिक जणांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि मुंबई त्याची राजधानी झाली. १८६४ साली बांधलेल्या त्या कारंज्याशेजारी आज मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक आहे. चौकाचे नाव हुतात्मा चौक.

आजोबा तेव्हा फोर्टातल्या एका पेढीवर कारकून होते. राहायचे गिरगावात, बिऱ्हाड गावाला. कार्डावर त्यांनी वडिलांना लिहिले होते :

"ती. आबांस शि. सा. न. वि. वि. मी सुखरूप आहे. दोन दिवस पेढी बंद होती. चित्रात आहे त्या कारंज्यावरून मी रोज जातो. आईस काळजी करू नये असे सांगावे. मनिऑर्डर आठ दिवस उशिरा होईल."

(तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. जुन्या पत्रांत मायना असा लिहीत. परीक्षेत पत्रलेखन येते, म्हणून सांगितले!)

बस्, एवढेच. कार्ड वाचून झाल्यावर घरात शांतता पसरली. माझ्या पणजीला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा जिथून रोज जातो ती जागा तिने या चित्रातच पाहिली असणार. मग धाकटे काका म्हणाले, "म्हणजे आपले नाना मोर्चात होते!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्डाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'संयुक्त महाराष्ट्राचे लढवय्ये नाना'. सगळ्यांनी हात जोडले, फुले वाहिली.

मी काकांना म्हटले, "काका, नाना मोर्चात असतीलही, नसतीलही. कार्डावर तसं लिहिलेलं नाही. आता सांगायला ते नाहीत आणि आजीही नाही." काका चिडले. "बाई, तुला आपल्या आजोबांचा अभिमान नाही?" म्हणाले.

मित्रांनो, अभिमान आहे. फार आहे. ज्या आठवड्यात त्या चौकात गोळ्या चालल्या, त्या आठवड्यात आईला घोर लागू नये म्हणून त्यांनी कार्ड लिहिले. पगार बुडाला तरी मनिऑर्डरचा विसर पडू दिला नाही. हा माणूस मला पुरेसा मोठा वाटतो. त्याला जे त्याने सांगितले नाही ते चिकटवायची गरज काय? शिवाय जे खरोखर मोर्चात गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या नावापुढे आपण पुराव्यावाचून आपले नाव कसे लावायचे? काकांना हे अजून पटलेले नाही. अल्बममध्ये कार्डाखाली मी एवढेच लिहिले आहे : 'नानांचे आबांना कार्ड, फ्लोरा फाउंटन, नोव्हेंबर १९५५.' बाकीची जागा कोरी ठेवली आहे.

तुम्हांलाही हा छंद लावून घ्यायचा असेल तर आधी घरातली ट्रंक, कपाट, आजीची पेटी शोधा. जुन्या बाजारात कार्डे मिळतात, पण घरातले कार्ड कुठेच मिळत नाही. कार्डावर पेनने काही लिहू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. तिकीट कापून काढू नका, कारण शिक्का गेला की तारीख गेली. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा असते, म्हणून कार्डे कोरड्या जागी ठेवा. आणि जुनी नसतील मिळत तर एक नवे कार्ड घ्या, मागे चार खऱ्या ओळी लिहा आणि आपल्याच माणसाला टपालाने पाठवा.

राजधानी नुसत्या दगडी इमारतींनी होत नाही. तिच्यासाठी कुणी प्राण दिले, कुणी रोज लोकलने जाऊन तिथे घाम गाळला, कुणी तिथून गावी पैसे पाठवले. पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात की घाई असली तरी क्षणभर बाहेर येऊन मान वर करा. घुमटावरची ती मशालवाली बाई दिसते का, ते मला नक्की सांगा!