जांभ्यावरचं सोनं

धामापूरहून जुन्या गोव्याला जायच्या दोन वाटा. महामार्ग धरून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत जायचं, नाहीतर कुडाळला रेल्वेत बसून थेट करमळीला उतरायचं. आम्ही रेल्वे धरली. बरोबर वाडीतले मेस्त्री होते. देवळांच्या सभामंडपांची, जुन्या घरांच्या माडीची लाकूडकामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना गोव्याची चर्च बाहेरून ठाऊक, आत मात्र कधी गेले नव्हते. सावंतवाडी मागे पडली, पेडण्याचा बोगदा झाला, थिवी गेलं आणि मांडवीचं रुंद पात्र ओलांडून गाडी करमळीला थांबली. स्टेशनातून रिक्षा केली की थोड्याच वेळात जुन्या गोव्याचा चौक येतो.

या प्रवासाला एक निमित्त होतं. धामापूरचा तलाव 1530 सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला, आणि 2020 साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. त्याच 1530 साली पोर्तुगीजांनी आपली पूर्वेकडची राजधानी कोचीहून गोव्याला आणली. आमच्या गावात भगवती देवीच्या देवळाच्या पायाशी पाणी अडवलं जात होतं तेव्हा दक्षिणेला, एका दिवसाच्या आत जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, काय उभं राहत होतं ते पाहायचं होतं. त्यासाठी मी संत फ्रान्सिसचं चर्च आणि त्याला लागून असलेला मठ निवडला.

पर्यटकांची गर्दी रस्त्यापलीकडे, बाँ जेझूस चर्चकडे वळते. तिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. आमचा संत फ्रान्सिस वेगळा, इटलीतल्या असिसीचा. कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा हा मुलगा बाराव्या शतकाच्या अखेरीस जन्मला, बापाची संपत्ती लाथाडून भिक्षेवर राहिला आणि 1226 साली वारला. त्याच्या फ्रान्सिस्कन पंथाचे आठ साधू 1517 साली गोव्यात आले. त्यांनी आधी लहानसं प्रार्थनाघर उभारलं, 1521 साली तिथे चर्च झालं, पुढे तेही पाडून 1661 साली आजची इमारत उठली. जुन्या चर्चचं प्रवेशद्वार तेवढं जागेवर ठेवून नवं काम त्याच्याभोवती चढवलं.

ते दार पाहायला मेस्त्री आणि मी बराच वेळ उन्हात उभे होतो. बाकी दर्शनी भिंत साधी, पांढरी, तीन मजल्यांची, दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे. मधोमध हे काळसर दगडाचं, तीन पाकळ्यांच्या कमानीचं दार. बाजूला गोल खांब आणि नक्षीचा पट्टा, वर क्रूस आणि दर्यावर्दी वापरत तसे कड्याकड्यांचे खगोल. पोर्तुगालचा राजा मान्युएल याच्या काळात या दाराची शैली बहरली. त्याच्याच राज्यात वास्को द गामा हिंदुस्थानला पोहोचला. देवाघरच्या दारावर जहाजाची उपकरणं कोरायची कल्पना त्या काळाचीच. मान्युएल 1521 च्या डिसेंबरात गेला. गोव्यातल्या या शैलीच्या फार थोड्या खुणा उरल्या, त्यातली ही एक.

पांढऱ्या गिलाव्याखाली काय आहे, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जांभा. समोरच्या बाँ जेझूसचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला, त्यामुळे तिथे तांबडे चिरे उघडेच दिसतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवेत टणक होतो, पण अंगभर भोकं. त्यावर बारीक नक्षी धरत नाही आणि पावसाळ्यात तो पाणी पितो. म्हणून बाहेरून चुन्याचं कवच हवंच. आणि नक्षी हवी असेल तर ती आत न्यायची, लाकडात, रंगात, सोन्यात. या चर्चचा सगळा थाट आत का, याचं निम्मं उत्तर मला या दगडात सापडलं.

आत पाऊल टाकलं की डोळे आपोआप समोर जातात. मुख्य वेदी छतापर्यंत भिडलेली, सोनेरी, बरोक थाटाची. चार शुभवर्तमानकार, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, परमप्रसादाची पेटी तोलून उभे. त्यांच्या वर क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याला बिलगलेला फ्रान्सिस. ख्रिस्ताचा एक हात क्रुसावरून सुटून फ्रान्सिसला जवळ घेतोय. पायाखाली त्याच्या पंथाची तीन व्रतं लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञाधारकपणा.

दारिद्र्याचं व्रत आणि भोवती एवढं सोनं! मला हा विरोध खटकत होता, मेस्त्रींना दुसराच प्रश्न पडला.

"ह्या सगळा लाकूडच मा रे?"

"लाकूडच. वर सोन्याचा वर्ख."

मग मी त्यांना वाचलेली रीत सांगितली. कोरलेल्या लाकडावर आधी खडू आणि सरस यांचे थर, ते घासून गुळगुळीत करायचे, त्यावर तांबड्या चिकणमातीचा हात, मग वर्ख आणि शेवटी घोटाई. त्या मातीमुळे सोन्याला ऊब येते. वर्ख झिजला की खालून तीच तांबडी माती डोकावते. मेस्त्री हसले. सोनं किती थोडं लागलं असेल आणि दिसतं किती, हा हिशेब त्यांना लगेच पटला.

वेदीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडी फळ्यांवरची मोठी चित्रं आहेत. फ्रान्सिसच्या चरित्रातले प्रसंग एकामागून एक मांडलेत. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथीच्या पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगतात. इथेही वाचता न येणाऱ्या श्रोत्यांसमोर चित्राकडे हात करून कथा लावता येत असणार. मेस्त्रींची नजर मात्र चित्रांवर नव्हती, फळ्यांच्या सांध्यांवर होती.

"हय पावसात लाकूड फुगता. जोडाक जागा ठेवची लागता. करणारो हयचोच आसतलो."

त्यांचा हा अंदाज हवेतला नव्हता. गोव्यातल्या चर्चसाठी स्थानिक सुतार, चितारी आणि सोनार राबले. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू करू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. काम त्यांच्या हातून होत होतं, म्हणूनच ते काढावे लागले.

मला तो हात सर्वात स्पष्ट दिसला तो बाजूच्या भिंतींवर. सभागृहाला दोन्हीकडे तीन-तीन छोटी उपासनागृहं आहेत, त्यांच्यामधल्या जाड आधारभिंतींवर वेलबुट्टी रंगवलीय. जवळ जाऊन पाहिलं तर देठ वळसा घेऊन परत स्वतःवर येतो, त्या वळणात फूल बसतं, उरलेल्या जागेत पान सरकतं. कुठे मोकळी जागा सोडायची नाही, हा हट्ट आपल्या देवळांच्या छतांवरचाच. वेदीचा आराखडा युरोपचा, पण ही वेल लिस्बनहून आलेली वाटत नाही. लाकडी व्यासपीठाच्या कोरीव फुलांबद्दलही मी हेच म्हणेन. सोनं बघून लोक परत फिरतात, भिंतींकडे वळत नाहीत. पायाखालीही कोणी बघत नाही. तिथे जमीन म्हणजे थडग्यांचे दगड, घराण्यांची चिन्हं कोरलेले.

पोर्तुगाल सरकारने 1830 च्या दशकात साधूंचे मठ बंद केले. रोगराईने जुन्या गोव्याचं हे शहर आधीच ओस पडत चाललं होतं, 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली. फ्रान्सिस्कनांच्या मठात आज भारतीय पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वरच्या दालनात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची तैलचित्रं ओळीने लावलीत. ही प्रथा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने 1547 साली सुरू केली. चेहरे बदलतात, तोरा तोच.

खालच्या दालनांत कदंबकाळातली विष्णूची मूर्ती, वीरगळ, सतीशिळा. धर्मप्रसारासाठी ख्रिस्ती पंथांमध्ये गोव्याची वाटणी झाली तेव्हा साष्टी जेझुइटांकडे आणि बार्देश फ्रान्सिस्कनांकडे गेला. बार्देशातली देवळं पाडली गेली त्यात या पंथाचा हात होता. ज्यांनी देव घालवले त्यांच्याच मठात देवांना छप्पर मिळालंय, आणि त्या छपराची देखभाल आता सरकार करतं. मेस्त्री एका वीरगळापाशी थांबले. आमच्याकडे असे दगड देवळाच्या आवारात उघड्यावर पडलेले असतात.

जुन्या गोव्याला जाल तेव्हा बाँ जेझूसच्या रांगेतून सुटल्यावर रस्ता ओलांडा. आधी वेदी बघा, तिला टाळता येणारच नाही. मग तिच्याकडे पाठ करून भिंतींवरची वेल बघा. राज्यकर्त्यांची आणि धर्मगुरूंची नावं कागदोपत्री मिळतात. ज्यांनी ही वेल रंगवली त्यांची कोणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांचं काम ओळखायला कोकणातल्या माणसाला नावाची गरज पडत नाही.