छत्री माझ्यावर, कॅमेरा पावसात

तुमच्या कम्प्युटरवरचं फोटोंचं फोल्डर जरा उघडून बघा. जानेवारीत गोवा, फेब्रुवारीत कुणाचं तरी लग्न, मेमध्ये मनाली, आणि त्यानंतर थेट गणपती! मधले जून-जुलै गायब. त्या दोन महिन्यांत आपण काय घरात बसलेलो असतो? उलट वर्षातली सगळ्यात भन्नाट भटकंती तेव्हाच होते. पण पहिला टपोरा थेंब पडला रे पडला की आपला हात आधी खिशाकडे जातो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती पिशवी सॅकच्या तळाशी. मग जे काही घडतं ते फक्त आपण बघतो, आणि पुढच्या जूनपर्यंत त्यातलं निम्मं विसरूनही जातो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. प्रत्येक घरात त्या दिवसाची एक तरी गोष्ट आहे. पण कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलेल्या आपल्या माणसाचा त्या दिवशीचा फोटो किती घरांत आहे? टीव्हीवाल्यांकडे आहेत, पेपरवाल्यांकडे आहेत. आपल्याकडे नाहीत, कारण ज्याच्याकडे कॅमेरा होता तोही तो डोक्यावर धरून, पिशवीत गुंडाळून वाचवत होता.

मला या पिशवीतून सोडवलं ते माझ्या मामेभावाने. सिंगापूरहून येताना त्याने सॅन्यो कंपनीचा झॅक्टी नावाचा एक कॅमकॉर्डर आणला होता, मॉडेल सीए-१००. पोहून पोहून त्याची हौस फिटली आणि तो माझ्याकडे आला. दिसायला अगदी हेअर ड्रायर! उभी मूठ, वर लेन्स, बाजूला दार उघडावं तसा उघडणारा छोटा स्क्रीन. मुठीत धरला की अंगठ्याखाली दोन बटणं, एक व्हिडिओचं, एक फोटोचं. बस्स. फुल एचडी व्हिडिओ, १४ मेगापिक्सेलचे फोटो, आणि तीन मीटर खोल पाण्यात चालतो असा कंपनीचा दावा. आजच्या मानाने हे आकडे ऐकून कुणी शिट्टी वाजवणार नाही. सॅन्यो तर २००९ च्या अखेरीस पॅनासोनिकच्या ताब्यात गेली आणि झॅक्टी हे नाव दुकानांतून दिसेनासं झालं. पण रेनकोटच्या खिशात हे यंत्र पावसाळाभर असतं. ऑफिसला जाताना, भाजी आणताना, सगळीकडे.

‘अगं पण आता फोनच वॉटरप्रूफ असतात की!’ हे मला दर आठवड्याला एक जण सांगतो. असतात ना. एकदा भर पावसात फोनवर शूट करून बघा. टचस्क्रीनला तुमचं बोट आणि पावसाचा थेंब यांतला फरक कळत नाही. थेंब पडतो, झूम होतो. दुसरा पडतो, सेल्फी कॅमेरा सुरू. तिसरा पडतो आणि बॉसला व्हिडिओ कॉल. ओल्या बोटाने तो बंदही करता येत नाही. शिवाय त्या फोनमध्ये तुमची बँक असते, तिकीट असतं, अख्खं ऑफिस असतं. माणूस जीव मुठीत धरून शूट करतो. दाबलं की ‘टक्’ असं जाणवणाऱ्या बटणाची किंमत पावसातच कळते.

आता हा कॅमेरा पुरता वसूल करायची जागा सांगते. माथेरान, आणि तेही ऐन पावसात. महाबळेश्वरला गाडीच्या काचेतून पाऊस बघता येतो, इथे ती सोय नाही. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी. तिथून बाजारापर्यंत पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडीने. नेरळहून येणारी मूळची मिनी ट्रेन १९०७ सालची, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची. पावसाळ्यात ती घाटात चालत नाही, अमन लॉज ते माथेरान एवढंच अंतर शटल धावते. २००५ च्या त्याच पावसाने हे रूळही उखडले होते, गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसाने तर पार ऑक्टोबर २०२२ पर्यंत थांबवलं. त्यामुळे शटलच्या खिडकीतून शूट करताना ‘हे पुढच्या वर्षीही असेल’ असं मी धरून चालत नाही.

आठशे मीटर उंचीवर ढग रस्त्यावरून चालत येतात. समोरचा घोडा आधी ऐकू येतो, मग दिसतो. जांभ्याची लाल माती बुटांवर, पँटवर, आणि हो, कॅमेऱ्यावरही. शार्लोट लेक भरून वाहत असतो, बाजूला पिसारनाथाचं देऊळ, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर झाडांवरून गळणारं पाणी पाऊस थांबला तरी थांबत नाही. पॉइंटांवर जाऊन दरी बघायचा हट्ट धरू नका. लुइझा पॉइंट असो वा एको पॉइंट, समोर पांढरी भिंत असते. पण त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या, ‘पैसे वाया गेले’ म्हणणाऱ्या पर्यटकांचे चेहरे काय सही येतात!

धुक्यात झूम करायचा नाही. ऑटोफोकस बिचारा पुढे-मागे करत राहतो, कारण त्याला धरायला कडाच मिळत नाही. जवळ जा, झाडाचं खोड किंवा घोड्याची आयाळ धरा, मागे धुकं आपोआप येतं. उजेड थोडा वाढवून घ्या, नाहीतर पांढरं धुकं धुळकट राखाडी दिसतं. आणि एक शॉट निदान दहा सेकंद, हात न हलवता. आपण सगळे चार सेकंदांत कॅमेरा फिरवतो आणि घरी येऊन डोकं दुखवून घेतो.

खरा शत्रू आत शिरणारं पाणी नसून लेन्सवर बसणारा थेंब आहे. हातरुमाल पंधरा मिनिटांत भिजतो, टिश्यू पेपरचा चोथा होतो. माझ्या अनुभवात सगळ्यात उत्तम म्हणजे आईच्या जुन्या सुती साडीचा पदर. फाडून चार तुकडे केले आहेत, चारही वेगवेगळ्या खिशांत. दुसरी भानगड आतल्या वाफेची. भर दमट हवेत बॅटरीचं झाकण उघडलंत तर ती हवा आत कोंडली जाते, गार पाऊस लागला की आतून लेन्स धुरकटते आणि मग कितीही पुसा. म्हणून बॅटरी आणि कार्ड आदल्या रात्री, एसी असेल तर एसीत, घालून ठेवायचं आणि बाहेर असेपर्यंत ते झाकण उघडायचं नाही. माइकच्या भोकात पाणी बसलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दोन झटके दिले की मोकळा होतो.

आणि माकडं. माथेरानच्या माकडांना मुठीत धरलेली कुठलीही लांबट वस्तू मक्याचं कणीस वाटते, हे मी स्वतः बघितलं आहे. मनगटाचा पट्टा सोडू नका.

माझ्याकडे २०१४ मधला एक शॉट आहे. दस्तुरीहून वर येताना हातरिक्षा ओढणारी माणसं झाडाखाली रेनकोट झटकत उभी होती. एक पुढून ओढणार, बाकीचे मागून ढकलणार, आणि आत आपल्यासारखं कुणीतरी ताडपत्रीआड कोरडं. मी विचारलं, ‘काका, घेऊ का?’ त्यांच्यातले एक म्हणाले, ‘थोबाड नको, पाय घ्या. काम पाय करतात.’ मग मी वीस सेकंद फक्त पाय घेतले. लाल चिखल, प्लास्टिकचे बूट, त्यातून वाहणारं पाणी. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. प्रथा जायलाच हवी, त्यात वादच नाही. पण त्या घाटवाटेवर शंभर चढ चढलेले ते पाय पावसात कसे दिसत होते, हे सांगायला माझ्याकडे वीस सेकंद आहेत. कोरड्या दिवशी कुणीही काढलं असतं. पावसात बहुतेकांचे फोन पिशवीत होते.

आईबाबांचं माथेरान १९८२ चं. लग्नानंतर जूनमध्ये गेले होते, कारण तेव्हा हॉटेल स्वस्त मिळायचं. बाबांनी ऑफिसातल्या मित्राचा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला होता. रोलमध्ये बारा फोटो. त्यातले तीन नेरळच्या प्लॅटफॉर्मवर काढले आणि पाऊस सुरू झाला. उसना कॅमेरा भिजवायची हिंमत कुणाची? तो ट्रंकेत गेला तो परत येईपर्यंत बाहेर आलाच नाही. आमच्या अल्बममधलं त्यांचं हनिमून म्हणजे नेरळ स्टेशनचे तीन फोटो आणि मागे पाण्याची टाकी.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये मी दोघांना पुन्हा घेऊन गेले. बाजारात कणसाच्या गाडीवर बाबांनी घासाघीस सुरू केली. धो धो पाऊस, छत्रीवर ताशा वाजतोय, आणि ते गाडीवाल्याला सांगताहेत की डोंबिवलीत एवढ्या पैशांत दोन कणसं येतात. गाडीवाला म्हणतो, मग डोंबिवलीला जाऊन खा. आई हसतेय. चाळीस सेकंद.

बाबांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांचे फोटो घरात भरपूर आहेत. दिवाळीचे, बारशांचे, निवृत्तीच्या दिवशी हार घातलेले. सगळ्यांत ते कॅमेऱ्याकडे बघून गप्प उभे आहेत. बोलणारे बाबा तेवढे कणसाच्या गाडीवरच आहेत. आई ते टीव्हीवर लावून बघत नाही. ती स्वयंपाक करताना नुसतं ऐकते, आणि मध्येच म्हणते, ‘शेवटी त्यांनी पूर्ण पैसे दिलेच.’ ते चाळीस सेकंदांत आलेलं नाही.

म्हणून माझं मत असं की पाण्याखालचे मासे वगैरे ज्याला काढायचे त्याने काढावेत. हा कॅमेरा आहे तो कणसाच्या गाडीसाठी, डोंबिवली स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीसाठी, शाळेतून भिजत येणाऱ्या भाच्यासाठी. फोटो छानच यायला हवा असं नाही. चालू असायला हवा.

मात्र कॅमेरा वॉटरप्रूफ आहे, तुम्ही नाही आहात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली. त्याच जुलैत रायगडमधल्या कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करताना एका तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला. माथेरानच्या पॉइंटांवर शेवाळ साबणासारखं असतं आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही. स्क्रीनवर नजर ठेवून एकही पाऊल मागे टाकायचं नाही, हा नियम मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपला शपथेवर पाळायला लावते. पोरं हसतात, पण पाळतात.

आज नवा घ्यायचा असेल तर? गोप्रो आणि त्याच्या भावंडांसारखे ॲक्शन कॅमेरे आहेत. दणकट, खिशात मावणारे, आणि २०१६ च्या हिरो-५ पासून गोप्रो वेगळ्या डबीशिवायही दहा मीटर पाण्यात चालतो. पण त्यांची लेन्स फार रुंद बघते. दरी छान दिसते, आई मात्र कोपऱ्यात मुंगीएवढी. माणसांचे चेहरे हवे असतील तर खराखुरा झूम बघा. ओएम सिस्टिमचा २०२३ मध्ये आलेला टीजी-७ हा त्या जातीतला, थोडा महाग. कुठलाही घ्या, आयपी आकडा समजून घ्या. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, कंपनी सांगेल तेवढं. ही चाचणी साध्या पाण्याची आणि नव्या कोऱ्या वस्तूची असते, अलिबागच्या खाऱ्या पाण्याची नाही. आणि जुना, कुणी वापरलेला घेणार असाल तर रबर कडक झालेलं असतं हे गृहीत धरा. माझा झॅक्टी आता फक्त पावसात जातो, पाण्यात बुडवायचे त्याचे दिवस संपले.

घरी आल्यावर झाकण घट्ट ठेवूनच नळाच्या हलक्या धारेखाली लाल माती निघेपर्यंत धुवायचा, सुती कापडावर रात्रभर वाळवायचा, मगच झाकण उघडायचं. रबरावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी वाट काढतं. कार्डावरचं सगळं त्याच आठवड्यात दोन ठिकाणी उतरवून ठेवा. शटलच्या वेळा पावसात बदलतात, तेव्हा नेरळचं तिकीट काढण्याआधी बघून घ्या. आणि छत्र्या दोन न्या. माथेरानच्या वाऱ्यात एक तर नक्की उलटी होते.