मोहल्ला, माध्यम आणि मैदान

भिवंडी

स्नेही मुख्याध्यापक महोदयांस,


अलीकडे समाज, शाळा, चित्रपट आणि खेळ यांविषयीचे जे वाचन घडले, त्यातून भिवंडीपुरता एकच प्रश्न वारंवार समोर येतो, आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्यापुढे तो मांडावा एवढाच या पत्राचा हेतू आहे. एकाच शहरात वाढणारी मुले एकमेकांना ओळखत नसतील, तर त्या शहराची शांतता कोणाच्या भरवशावर टिकणार?

सुरेश खोपडे यांचे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक प्रत्येक भिवंडीकराने वाचावे असे आहे. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल, तिची न्यायमूर्ती मादन आयोगाने केलेली चौकशी आणि मे 1984 मध्ये पुन्हा झालेली होरपळ, एवढा इतिहास पाठीशी असलेल्या या यंत्रमागांच्या गावात खोपडे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. मोहल्ला कमिटी म्हणजे एकेका वस्तीतील हिंदू व मुसलमान रहिवासी आणि तेथील पोलीस अधिकारी यांनी नियमाने भरवलेली बैठक होय. तिचे मर्म असे की काहीही घडलेले नसतानाही ती भरत असे, वस्तीतल्या लहानसहान तक्रारींवर बोलणे होई, आणि त्या बोलण्यातून झालेली ओळख पुढे कठीण प्रसंगी कामी येई. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली, त्यात या ओळखीचा वाटा मोठा आहे. मात्र जुलै 2006 मध्ये याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा उसळली आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले, तेव्हा एकदा जोडलेला विश्वास सांभाळला नाही तर तो विरून जातो, हेही मान्य केले पाहिजे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरील आपल्या 2002 सालच्या ग्रंथात दैनंदिन संबंध आणि संघटित संबंध असा भेद केला आहे. शेजाऱ्याशी बोलणे, सणाला एकमेकांकडे जाणे हे दैनंदिन संबंध होत. व्यापारी मंडळ, कामगार संघटना, क्रीडामंडळ यांतून येणारे ते संघटित संबंध. खेड्यात पहिले पुरतात, परंतु शहरात दंगलीचा ताण सोसण्याची ताकद प्रामुख्याने दुसऱ्यांत असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भिवंडीत सुताचा व्यापारी, मागमालक, कामगार आणि कापडाचा दलाल हे निरनिराळ्या धर्मांचे असूनही एकमेकांवाचून अडतात. मोठ्यांना धंद्याने बांधून ठेवले आहे, मुलांना मात्र बांधणारे काहीच नाही.

शाळांचा विचार येथेच सुरू होतो. मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा या शहरात आहेत, आणि त्या असणे योग्यच आहे, कारण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे संविधानाचा अनुच्छेद 350क सांगतो. तरीही व्यवहारात मराठी आणि उर्दू यांच्यापुरती तरी माध्यम वेगळे म्हणजे धर्म वेगळा, अशी विभागणी बहुतांशी होऊन बसली आहे. बालभारती त्याच विषयांची पुस्तके अनेक भाषांत छापते, त्यामुळे एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहणारी दोन मुले पाचवीचा तोच धडा शिकतात, दोघांच्याही घरात मागाची खडखड ऐकू येते, आणि दहावी होईपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. ही स्थिती दुःखद आहे, आणि ती दूर करण्यासाठी कोणाचेही माध्यम बंद करण्याची गरज नाही.

मग ही मुले एकत्र कशाने येतील, याचे उत्तर शोधताना चित्रपटांविषयीच्या वाचनात मालेगावचा उल्लेख अटळ ठरतो. तेही यंत्रमागांचे आणि दंगली सोसलेले शहर. मोसम नदीच्या दोन काठांवर तेथील दोन समाज बहुतांशी वेगळे राहतात. नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी तेथे ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली करून चित्रण करणारी ही मंडळी दिसतात. त्यांच्या चित्रपटात सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार होता. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटामुळे 2025 मध्ये ही कथा देशभर पोहोचली. एकत्र काम करण्यासारखे काही हाती आले की कष्टकरी तरुण किती उमेदीने जमतात, याचा हा फार मोलाचा दाखला आहे.

खेळाच्या बाबतीत नागपूरचे विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेले फुटबॉलचे काम नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. मुंबईत 1992-93 च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिटी चळवळीने पोलीस आणि वस्तीतील तरुण यांना एकत्र आणणाऱ्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. शालेय क्रीडा स्पर्धांनी मात्र ओळख जोडण्याचे हे काम होत नाही, कारण तेथे हरणारा संघ एका सामन्यानंतर घरी जातो आणि समोरचा संघ केवळ प्रतिस्पर्धी म्हणून लक्षात राहतो.

म्हणून आपणांस विनंती अशी की, या वर्षी आपल्या शाळेने जवळच्या एका उर्दू शाळेशी बोलणी करावी आणि दर पंधरवड्याला कबड्डीचा किंवा फुटबॉलचा सामना ठेवावा, आणि त्यात दोन्ही संघांत दोन्ही शाळांची मुले असावीत. बक्षीस नको, पाहुणे नकोत, उद्घाटनाचा समारंभही नको. फक्त वर्षभर खंड पडू देऊ नये. उर्दू शाळेतील मुले मराठी शिकतातच, तेव्हा भाषेची अडचण येणार नाही.