दगड टाकणाऱ्या मुंग्या

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात खायला असतं ते गवताचं बी, वाळवी, उन्हाने मेलेले किडे. तेवढ्यावर मुंग्यांच्या कितीतरी जाती एकमेकींच्या शेजारी नांदतात. त्यांची पहिली वाटणी वेळेची आहे. लांब पायांची नोव्होमेसर रात्रीच्या आणि पहाटेच्या गारव्यात हिंडते. ऊन वर आलं की बी वेचणारी पोगोनोमिर्मेक्स निघते. इवलीशी फोरेलियस तर जमीन पोळत असताना, बाकीच्या आत गेल्यावर, मोकळ्या रानात धावते. दुसरी वाटणी अंगच्या गुणांची. अन्न आधी हुडकते ती जात बहुधा ते राखू शकत नाही. राखणारी उशिरा पोचते. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, तरी पुष्कळ ठिकाणी आढळतो.

इथपर्यंत सारं समजूतदारपणाचं वाटतं. पण नोव्होमेसर रात्रीतून पोगोनोमिर्मेक्सच्या वारुळाचं तोंड खडे-मातीने बुजवून ठेवते. सकाळी आतल्या कामकरी मुंग्यांचा वेळ वाट मोकळी करण्यात जातो, आणि दुपारच्या उन्हात त्यांना काम थांबवावंच लागत असल्याने तो वेळ भरून निघत नाही. डेबोरा गॉर्डन यांनी 1988 मध्ये याची नोंद केली.

त्याहून नामी तऱ्हा मायकेल मॉग्लिख आणि गॅरी आल्पर्ट यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. डोरिमिर्मेक्स मुंग्या मिर्मेकोसिस्टस या मधसाठवणाऱ्या मुंग्यांच्या वारुळाला गराडा घालतात, जबड्यात खडे उचलतात आणि बिळाच्या तोंडातून एकेक करून आत सोडतात. मारामारी नाही, चावाचावी नाही. वरून खडे पडत राहतात, आतल्या बाहेर पडेनाशा होतात, आणि आसपासचं अन्न खडे टाकणाऱ्यांना मोकळं मिळतं. उद्योगी मुंगीचा धडा मुलांना शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी हा भाग घ्यायला हवा होता; मुलांना तोच जास्त आवडला असता.

मिर्मेकोसिस्टसही गरीब बिचारी नव्हे. तिची एक जात पोगोनोमिर्मेक्सच्या परतीच्या वाटेवर उभी राहते आणि जकात नाक्यावर गाडी अडवावी तशी येणारीला अडवून तिच्या तोंडातला माल तपासते. हे बर्ट ह्योल्डोब्लर यांनी 1986 मध्ये मांडलं. वाळवी असली तर ती हिसकावून घेते. बी असलं तर जाऊ देते, कारण मिर्मेकोसिस्टस बी खात नाही.