त्रेचाळीस संध्याकाळी, तीन रात्री

लहानपणी आम्हांस एकश्लोकी रामायण पाठ करविण्यात आले होते. चार चरणांत राम वनात जातो, सीतेचे हरण होते, लंका जळते आणि रावण मरतो. त्यात भरत नाही, शबरी नाही. ही उणीव आम्हांस त्या वयात कधी जाणवली नाही, कारण सगळे रामायण आजीच्या तोंडून आधीच ऐकलेले होते. श्लोकात जे नव्हते ते आमच्या मनात होते. ज्याने रामायण मुळीच ऐकलेले नाही त्याच्या हाती त्या श्लोकातून काय लागत असेल, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षांनी पडला, आणि तोही एका जपानी चित्रमालिकेच्या निमित्ताने.

आमची कन्या अकरा वर्षांची असता तिला संधिवाताचा ताप आला. ताप उतरला तरी हृदयास धक्का पोहोचू नये म्हणून डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठण्याची सक्त मनाई केली. पुस्तक धरून वाचण्याचाही तिला शीण होई. अशा वेळी आमच्या भाच्याने ‘मोबाइल सूट गंडाम’ ही जुनी मालिका आणून दिली. एकंदर भाग त्रेचाळीस, प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आतला. रोज दिवेलागणीनंतर एकच भाग पाहावयाचा असा नियम ठरला, आणि रडून, रुसून, हट्ट करूनही तो मोडला गेला नाही.

भाषा जपानी आणि पडद्यावर इंग्रजी ओळी. मुलीस त्या भराभर वाचता येत नसत, म्हणून त्या वाचून मराठीत सांगण्याचे काम आमच्याकडे आले. हे काम दिसते तितके सोपे नाही. एक वाक्य सांगून होते न होते तोच पात्र दुसरे बोलून मोकळे झालेले असते. चार दिवसांतच आम्ही दोन ओळींचे एक वाक्य करावयास शिकलो, आणि आठ दिवसांत कोणती ओळ गाळली असता कथेस बाध येत नाही हेही आम्हांस उमगू लागले. संक्षेपकारांविषयी आमच्या मनात जी अढी होती ती बाळगून आम्ही स्वतःच तो धंदा करीत होतो, हे मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

कथानक थोडक्यात असे. मनुष्यजात अंतराळात प्रचंड वसाहती करून राहू लागली आहे. त्यांपैकी झिऑन नावाच्या वसाहतीने पृथ्वीविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले आहे. अमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा हल्ल्याच्या धांदलीत गंडाम नामक मनुष्याकृती अजस्र युद्धयंत्रात शिरतो, आणि पुढे निर्वासितांनी भरलेल्या ‘व्हाइट बेस’ या जहाजावर शिपाई होऊन बसतो. त्या जहाजाचा कप्तान ब्राइट नोआ हा जेमतेम एकोणीस वर्षांचा. अकरा वर्षांच्या आमच्या मुलीस तो इतका पोक्त वाटे की ती त्यास ‘कप्तानकाका’ म्हणत असे. सोळाव्या भागात जहाजावरचा आचारी मीठ संपल्याची तक्रार घेऊन येतो. मुलीचेही मीठ त्या दिवसांत डॉक्टरांनी कमी केलेले होते; त्या संध्याकाळी तिला ते युद्ध एकदम आपल्या घरातले वाटू लागले.

या गोष्टीला दहा वर्षे झाली. गेल्या श्रावणात मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघाली. निघावयास तीन दिवस उरले असताना तिने होऊन सांगितले, “बाबा, गंडामचे तीन चित्रपट आहेत. सगळी मालिका आता व्हायची नाही. पण तीन रात्री तर आहेत.”

या तीन चित्रपटांचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली मूळ मालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात दाखविली गेली. योजना बावन्न भागांची होती. पण प्रेक्षक थोडे आणि खेळण्यांचा खपही बेताचा, म्हणून ती त्रेचाळीस भागांतच आटोपती घ्यावी लागली. म्हणजे ज्या मालिकेस आम्ही ‘संपूर्ण’ म्हणतो तीही एक कापलेलीच वस्तू होय. पुढे पुनःप्रक्षेपणे झाली, युद्धयंत्रांच्या जोडून करावयाच्या प्रतिकृती बाजारात आल्या, आणि ज्या मालिकेकडे लोकांनी पाठ फिरविली होती तीच डोक्यावर घेतली. १९८१ च्या मार्चमध्ये पहिला चित्रपट आला, जुलैमध्ये दुसरा, आणि १९८२ च्या मार्चमध्ये तिसरा. सुमारे सतरा तासांचे सुमारे सात तास झाले.

जपानात ही रीत नवी नव्हती. १९७४-७५ मधील ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या मालिकेचे सव्वीस भाग १९७७ मध्ये एकाच चित्रपटात कोंबण्यात आले होते. मालिकेत ही नौका दूरच्या इस्कांदार ग्रहावर पोहोचते तेव्हा तेथील राणी तिचे स्वागत करते. चित्रपटगृहात प्रथम दाखविलेल्या आवृत्तीत नौका पोहोचण्यापूर्वीच राणी मृत झालेली आहे. त्यामुळे त्या ग्रहावरील सगळा प्रसंग आपोआप आटोपला. वेळ वाचविण्यासाठी एका जिवंत राणीस मारावे, याहून निर्दय संक्षेप आमच्या ऐकिवात नाही. त्या मानाने गंडामकारांनी एका चित्रपटाचे तीन केले, यातच त्यांचा विवेक दिसतो.

पहिल्या रात्री आम्ही तिघे बसलो. आता मुलगी ओळी स्वतः वाचीत होती, आणि आम्हांस काही काम उरले नव्हते. युद्धाची चित्रे तीच, आवाजही ओळखीचे. पण सगळे कसे धावत होते. पूर्वी जेथे भाग संपे आणि मुलगी ‘उद्या काय होईल’ म्हणून डोळे मिटी, तेथे आता दुसऱ्याच क्षणी ते ‘उद्या’ येऊन उभे राही. मालिका कापली म्हणजे प्रसंग जातात असे आम्ही समजत होतो. प्रसंग फारसे गेले नव्हते. दोन प्रसंगांच्या मध्ये आमचे जे दिवस गेले होते, ते गेले होते. पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मध्ये एकदा तिला रात्री धाप लागली होती. नवव्या भागानंतर प्रथमच ती उशाला टेकून बसली. चित्रपटकर्त्यांस याची वार्ता असण्याचे कारण नाही. परंतु जपानातही दर आठवड्यास एक भाग पाहणाऱ्या मुलांची परीक्षा, दुखणी, भांडणे त्या सुट्या दिवसांत घडलीच असतील, आणि अमुरोचे मोठे होणे त्यांस खरे वाटले ते काही अंशी तीही मोठी होत होती म्हणून.

मग आईचा प्रसंग आला. अमुरो आपल्या गावी आईस शोधीत जातो; निर्वासितांच्या छावणीत ती रुग्णांची शुश्रूषा करीत असते. शत्रूचे शिपाई झडतीस येतात, आई त्यास खाटेवर पांघरुणाखाली लपविते, आणि पांघरुणाआडून तो एका शिपायावर गोळी झाडतो. आई भयभीत होते. त्यांनाही मुलेबाळे असतील, तू किती राकट झालास, अशा अर्थाचे ती बोलते. तो म्हणतो, हे युद्ध आहे. अखेर तो आईस लष्करी सलाम करतो आणि निघून जातो. ती तेथेच खाली बसून रडते.

मुलीने पडदा थांबविला आणि आमच्याकडे वळून पाहिले.

“बाबा, आई असं बोलते? तुम्ही तर सांगितलं होतं, ती म्हणते, प्रकृतीला जप.”

तेराव्या भागाची ती संध्याकाळ आम्हांस स्वच्छ आठवली. मुलगी अंथरुणावर, पायथ्याशी तिची आई मटार सोलीत बसलेली, आणि पडद्यावर एक आई आपल्या मुलास ‘हा माझा मुलगा नव्हे’ अशा नजरेने पाहत असलेली. त्या ओळी आमच्या तोंडून निघेनात. आम्ही दुसरीच ओळ रचून सांगितली. आजारी मुलास कोणती आई काय म्हणेल तेच म्हणालो. दहा वर्षे तो प्रसंग तिच्या मनात आमच्या शब्दांनी राहिला होता.

“तू लहान होतीस,” आम्ही म्हणालो.

“मग तो एवढा रागावून का जातो, ते मला कधी कळलंच नाही,” ती म्हणाली. “मला वाटे, तोच वाईट आहे.”

तिची आई यावर काहीच बोलली नाही. पडदा पुन्हा सुरू झाला.

याच जागी चित्रपटाने केलेला एक फेरबदल आमच्या लक्षात आला, आणि तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. मालिकेत शत्रूचा राजपुत्र गार्मा दहाव्या भागात मरतो, बाराव्यात त्याच्या अंत्यविधीचे भाषण होते, आणि त्यानंतर अमुरो आईकडे जातो. लढाईने थकलेला मुलगा घर शोधीत निघाला असे ते दिसते. चित्रपटात आईची भेट आधी येते आणि गार्माचा मृत्यू मागाहून. म्हणजे आईचा दरवाजा बंद झालेला मुलगा आता लढाईवर जातो. त्यास परतावयास जहाजाखेरीज जागा नाही. चित्रपटाचा शेवट होतो तो गार्माचा भाऊ गिहरेन याच्या भाषणाने आणि हजारो कंठांतून उठलेल्या गर्जनेने. चित्रे बहुतांशी तीच असून केवळ क्रम बदलल्याने अर्थ बदलला. नुसत्या कात्रीने हे होत नाही. आम्ही जी ओळ बदलली होती तिच्यात मात्र भय होते, विचार नव्हता.

मालिकेचा अभिमान धरून चित्रपटांस नावे ठेवणे आम्हांस सोपे होते, पण तिसऱ्या चित्रपटाने ती सोय ठेवली नाही. पात्रांची रूपे योजणारे चित्रकार योशिकाझु यासुहिको मालिकेच्या उत्तरार्धात आजारी पडले होते, आणि शेवटच्या भागांतील चित्रांत त्यांचा हात नसल्याचे आमच्यासारख्या अनभिज्ञासही जाणवते. तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी पुष्कळशी चित्रे नव्याने काढली. मालिकेत लाला ही मुलगी अमुरोस चौतिसाव्या भागात भेटते आणि एकेचाळिसाव्यात मरते. इतक्या थोड्या ओळखीवर त्याने तिच्यासाठी आयुष्यभर झुरावे हे आम्हांस तेव्हा पटले नव्हते. नव्या चित्रांत तिचा चेहरा एकदा नीट पाहिल्यावर ते पटले. खेळणी खपावीत म्हणून मालिकेत घुसडलेले एक जोडयंत्रही चित्रपटांतून नाहीसे झाले आहे आणि त्याच्या जागी साधे विमान आले आहे. त्याबद्दल आम्हांस यत्किंचितही दुःख नाही.

परंतु दुसऱ्या रात्री, दुसरा चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच मुलगी म्हणाली, “ते बेट कुठे गेलं?”

बेट म्हणजे पंधरावा भाग. दोआन नावाचा झिऑनचा एक शिपाई सैन्यातून पळून एका बेटावर काही पोरक्या मुलांना सांभाळीत असतो. त्या मुलांचे आईबाप त्याच्याच हातून मारले गेलेले असतात. अमुरो तेथे जातो, प्रथम त्याच्याशी झगडतो, आणि अखेर दोआनचे युद्धयंत्र समुद्रात फेकून देतो, की त्याच्या अंगचा युद्धाचा वास जावा आणि शत्रूने पुन्हा माग काढू नये. मूळ कथानकाशी या भागाचा धागा जुळत नाही. पुढेमागे त्याचा उल्लेख नाही. चित्रेही इतकी ओबडधोबड की त्यातील यंत्राचे नाक लांब आणि पाय काड्यांसारखे झाले आहेत. ज्यास काही गाळावयाचे आहे त्याच्या हाताखाली हा भाग प्रथम यावा यात नवल नाही. तोमिनो यांच्या इच्छेवरून अमेरिकेतील प्रकाशनातूनही तो वगळला गेला. आणि तरीही त्याच भागावरून २०२२ मध्ये स्वतंत्र चित्रपट निघाला, आणि तो दिग्दर्शित केला यासुहिको यांनी. गाळलेल्या अर्ध्या तासाने चाळीस वर्षे कोणाच्या तरी मनात घर करून ठेवले होते.

आम्ही हे मुलीस सांगितले. ती म्हणाली, “तो नवा चांगला असेल, बाबा. पण मला आपला पाहायचा आहे. तो काड्यांच्या पायांचा.”

तिसऱ्या रात्री तिसरा चित्रपट संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. ओसरीवर दोन पेट्या दोरी बांधून ठेवल्या होत्या. ‘कप्तानकाका’ आता तिच्याहून दोन वर्षांनी लहान झाला आहे, असे म्हणून ती हसली आणि तिने तो भाग लावला. अलीकडे रात्रीच्या वेळी आम्हांस बारीक अक्षर नीट दिसत नाही. तिने ते न सांगताच ओळखले आणि ती ओळी मराठीत सांगू लागली. तिचा वेग आमच्याहून चांगला होता. दोआन अमुरोस त्या मुलांची हकिगत सांगतो तेथे ती किंचित थांबली, आणि पडद्यावरच्या दोन ओळींचे तिने एकच वाक्य केले. त्या ओळी आम्हांस अंधुक दिसल्या होत्या. आम्ही काही बोललो नाही.

यंत्र समुद्रात बुडाले. तिची आई उठून दिवा मालवीत म्हणाली, “पाचाला गाडी यायची आहे. निजा आता.”